मधली गाडी

थांबा, कापड ओढू नका — आदी सांगते, मंग ओढा. हे तुमाला आणायला टांगा घेऊन बोईसर टेशनावर गेलेत, नि तुमी आलात एस्टीनं, झाली चुकामूक. हे म्हणजे आमचे घरवाले, शेटचे डायवर. शेट दिवाळीत गेले, आता त्यांचा मुंबईचा पुतण्या बंगला रिकामा करतोय, गाड्या बघून विकत घ्यायला त्यानं तुमाला धाडलं — कळलं मला. तिन्ही झाकलेल्या हायेत, पण कुठली कोण ते मी वरूनच सांगते. कसं काय? अहो, झाकणं मीच शिवलीत. मी सातपाटीची, आमचा बाप होड्यांची शिडं शिवायचा, जाड कापड माज्या हाताला सवयीचं. ही कडेची, बुटकी, कासवासारखी — ऑस्टिन. भिंतीकडची, टप चौकोनी, मागं पेटी लावल्यासारखी — फोर्ड. नि ही मधली... हिचं नाक बघा किती लांब. दोन्ही अंगांना फुगलंय ना, तिथं जादा चाकं ठेवलीत. आणि नाकाच्या टोकाला टेंगूळ दिसतं? तिथं एक बाई उभी हाय, चांदीसारखी चकचकीत, केस मागं उडालेले, अंगावर असून नसल्यागत कपडा. ती ब्युइक.

त्या बाईसाठी वेगळा खिसा शिव, हे म्हणाले, आतून मऊ कापड लाव, ओरखडा नको. मऊ कापड कुठलं? माजं लग्नातलं लुगडं. मला विचारलं का — विचारलं, कापून झाल्यावर. हसू नका सायेब. रोज सकाळी हे उठले की चहाच्या आदी इथं. पुसायचं, इंजिन घरघरवायचं, मंग परत झाकायचं, नि झाकताना असा हात फिरवायचा... माज्या डोक्यावरनं कदी फिरला नाय तसा. मी तापानं फणफणले होते तवा दारातूनच विचारलं, बरं वाटतं का. दारातून. ह्यांना दुसरी बाई असती तर बरं झालं असतं — तिच्याशी भांडता तरी आलं असतं, झिंज्या धरल्या असत्या. हिच्याशी काय भांडू? हिला तोंड नाय.

काय म्हणालात? नाय, नाय, चांगला माणूस हाय. दारू नाय, काय नाय. पण सांगू का — माजी आय आजारी पडली, निरोप आला, लवकर या. मी ह्यांना म्हटलं, शेटना विचारा, गाडीनं गेलो तर दुपारच्या आत पोचू. हे बंगल्यात गेले, परत आले, म्हणाले, शेट नाय म्हणतात. बरं. मोठी माणसं, त्यांची गाडी, आपण काय बोलणार. बैलगाडी केली. उधाणाचे दिवस होते, खाडीचं पाणी रस्त्यावर आलेलं, बैल पुढं जाईनात. पोचले तर आयला घेऊन गेले होते. आंगणात नुसत्या बाया बसलेल्या, भावजय म्हणाली, सारखी दाराकडं बघत होती.

मंग महिन्यानं मी बंगल्यावर भांडी घासायला गेले, तर शेट मलाच विचारतात, "मंजुळा, तुजी आय गाडी बघून खुश झाली असेल नी?" मी नुसतं हो म्हटलं. शेटनी चावी दिली होती, सायेब. ह्यांनीच नाय काढली. खारं पाणी खालून पत्र्याला लागलं असतं ना.

ह्यांना? नाय विचारलं. कदीच नाय. सहा पावसाळे झाले. विचारलं असतं नि ते खरं बोलले असते, तर मंग मी कुठं जाणार होते?

म्हणून म्हणते, हीच न्या. ऑस्टिन-फोर्डचं राहू द्या. टाकीत पेट्रोल हाय, चावी ही घ्या, ते टांग्यातनं परत यायच्या आत फाटकाबाहेर काढा. आल्यावर बघतील नि बसतील भिंतीला टेकून, जेवणार नायत दोन दिवस. मंग जेवतील. मी वाढीन ना. ओढा आता कापड, ओढा... बघा. तीस वर्षांची म्हातारी म्हणेल का कोणी? तोंड बघा हवं तर त्यात. मी एकदा बघितलं होतं, परत नाय बघितलं.

काय?

काय म्हणालात — कोणाला?

ह्यांना? गाडीबरोबर, डायवर म्हणून? मुंबईला?

असा हात दुसऱ्या कोणाचा मिळणार नाय, ते मलाच ठावं हाय, मीच तर आता सांगत बसले... नाय. खोली दिलीत तरी नाय. मला पण न्याल? नि मी तिथं काय करू, तिच्यासाठी आणखी खिसे शिवू? नाय सायेब, ते येणार नायत. त्यांना विचारायचं पण नाय. ते हो म्हणतील, म्हणून. माज्याकडं बघायच्या आदी हो म्हणतील.

चावी इकडं द्या. द्या म्हणते ना. गाडी विकायची नाय, पुतण्याला सांगा, बिघडलीय, चालत नाय, काय वाटेल ते सांगा. ते कापड तिकडून धरा, हं, ओढा खालपर्यंत. आता जा तुमी. ही मागली वाट, चिकूच्या वाडीतनं — पुढच्या रस्त्यानं नका जाऊ, टांगा येत असेल.