ज्वारीतली सीडी

सेनगावच्या स्टँडवर साखऱ्याच्या बसची वाट बघत होतो. मागच्या बाकड्यावर एक बाई अन् तिचा मुलगा बसले होते.

"माय, मी हिंगोलीवरून कम्प्युटरचं ब्लूटूथ आणलं, त्या डबीत एक सीडी होती."

"चकाकणारी व्हय? ती ज्वारीत टांगली."

"काहून?"

"पाखरं कणसं खाऊन राहिली होती. आता एक बी फिरकत न्हाई."

"अवं, तिच्यात ड्रायव्हर हाये. तो टाकल्याबिगर कम्प्युटर ब्लूटूथला वळखतच न्हाई."

"गाणे न्हाईत ना तिच्यात? मंग राहू दे."

"तुला गाण्याची जुनी सीडी देतो. ती टांग."

"पाखरं हिलाच भितेत. ज्वारी निघंस्तोर हात लावू नको."

"तवर मोबाईल टिकायचा न्हाई. आत्ताच दिसातून चारदा बंद पडून राहिला. त्याच्यातलं कम्प्युटरमधी घेऊन ठेवायचं हाये."

"असं काय हाये त्याच्यात?"

"बाबाचा आवाज. गेल्या हुरड्याला भरला होता. ते जायच्या महिनाभर आधी."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"तू रडशील म्हणून."

"काय म्हणून राहिले ते?"

"काही न्हाई. मचाणावर उभे हायेत अन् पाखरं हाकलून राहिलेत. हाऽऽ हाऽऽ."

बस लागली. दोघं उठले.

"पयले वावरात जाऊ. गाठ मी मारली हाये, तुला सुटायची न्हाई."

"अन् पाखरं?"

"त्यांना बी ऐकवू."