आपोआप मंजूर

भूपेंद्र : मी कुठे हो म्हटलं? त्याने तिकडे बोट दाबलं, इकडे खोलीचं बुकिंग मंजूर झालं. ॲप मला विचारतच नाही.

नूतन : मग रद्द करा.

भूपेंद्र : तुझ्या भावाच्या साखरपुड्याला एक रद्द केलं होतं, आठवतंय? कंपनीने आपलं घर ॲपच्या यादीत पार खाली ढकललं. शोधणाऱ्याला दिसेचना. वरच्या दोन्ही खोल्या कितीतरी दिवस रिकाम्या पडल्या.

नूतन : अहो, हा तोच आहे. इंदूरचा साडीवाला. महेशशेठ.

भूपेंद्र : नाव दिसलं मला.

नूतन : नाव दिसलं, आणि तुम्ही आंघोळीला गेलात?

भूपेंद्र : मग काय करू? मिल सुटल्यापासून घर त्या दोन खोल्यांवर चालतं. आपोआप मंजुरीचं बटण बंद केलं तरी खाली ढकलतात. चालू ठेवलं तर असं होतं.

(डिंडोलीतलं घर. खाली कुटुंब राहतं, वर पाहुण्यांच्या खोल्या. नूतनच्या हातात झाडू आहे; भूपेंद्र खाटेवर मोबाइल घेऊन बसलाय. त्याची आई सरलाबाई दाराशी मेथी निवडतेय.)

सरलाबाई : काय व्हयनं? कोन येस?

भूपेंद्र : काही नाही, आई. संध्याकाळी पाहुणा येतोय.

नूतन : काही नाही कसं? आई, मागच्या वेळी ज्याने मला वर कोंडलं, तो येतोय.

सरलाबाई : कोंडं कुठे? दार लागी गयं व्हतं.

नूतन : दार त्याने लावलं. गरम पाणी मागितलं म्हणून मी थर्मास घेऊन गेले. भरदुपार होती. तुम्ही झोपला होतात, हे पर्वत पाटियाच्या बसथांब्यावर पाहुणे आणायला गेले होते. त्याने कडी घातली आणि माझ्या तोंडावर हात दाबला. समोरच्या शांताबाई विरजणाला आल्या होत्या. त्या खालून हाका मारतच राहिल्या, म्हणून सोडलं.

सरलाबाई : सोडी दिन्हं ना पन? नुसता हात धरा. बाकी तर काही व्हयनं नही.

भूपेंद्र : मी गप्प बसलो होतो का? कंपनीला फोन केला. तुझ्यासमोर केला.

नूतन : केला. त्या बाईने विचारलं, पोलिसात गेलात का. तुम्ही नाही म्हणालात. फोटो आहे का. नाही म्हणालात. मग ती म्हणाली, सर, गेस्टने तर तुम्हाला पाच तारे दिलेत. आणि तुम्ही तिला थँक्यू म्हणालात.

भूपेंद्र : सवयीने निघालं तोंडातून.

नूतन : जेवायला बसल्यावर त्याने लिहिलेलं वाचूनही दाखवलंत. 'घर की मालकिन बहुत ध्यान रखती हैं.'

भूपेंद्र : वाईट काही लिहिलं नाही त्याने. मला वाटलं, तुला बरं वाटेल.

नूतन : माझा घास तोंडातच राहिला होता. तुम्ही दुसरी पोळी मागितलीत.

भूपेंद्र : तेच तेच किती दिवस उगाळायचं?

नूतन : नाही उगाळत. मी दुपारच्या गाडीने नंदुरबारला जाते, आईकडे. तो गेला की येईन.

भूपेंद्र : हे बरं. खरंच बरं सुचलं तुला. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. जा तू.

नूतन : लगेच हो म्हणालात.

भूपेंद्र : तुला पाहिजे तेच म्हणालो ना?

सरलाबाई : आनि वर नाश्ता कोन लई जाई? माले जिना चढता येत नही.

नूतन : हे नेतील. यांचंच गिऱ्हाईक आहे.

भूपेंद्र : मी सकाळीच दुसऱ्या खोलीतल्या इंजिनियर लोकांना हजीऱ्याच्या कारखान्यावर सोडायला निघतो. ते कबूल केलंय. आणि नाश्ता खोलीत मिळेल असं लिहिलंय आपण. नाही दिला तर लगेच तक्रार. स्नेहा आहे ना. तिला कॉलेजला सुट्टीच आहे उद्या.

सरलाबाई : स्नेहा नही.

भूपेंद्र : का? पोह्यांची बशी तर ठेवून यायची.

सरलाबाई : मनी आंडेर, मनी पोटनी पोर, त्याना दारशी जावाव नही.

नूतन : का, आई? नुसता हात धरतो तो.

सरलाबाई : ती कवारी पोर शे. उद्या तिले पाहाले लोके येतीन.

नूतन : आणि मी?

सरलाबाई : तुनं लगीन व्हई जायेल शे.

भूपेंद्र : आई, हळू बोल. शेजारी ऐकतील.

सरलाबाई : तू नही म्हन त्याले. माणूस चांगला नही म्हनीसन सांगी दे.

भूपेंद्र : आता नाही माणूस चांगला? नाही म्हणायला जागाच नाही, आई. मंजूर झालंय. माझ्या बहिणीची काळजी मला नाही का? पण मी काय करू?

सरलाबाई : मंग नूतन, तू गाडी सोड. तू आठे राह्यनी तर स्नेहाले वर जानं पडाव नही.

भूपेंद्र : बरोबर बोलतेय आई. तुला तरी माहिती आहे तो कसा आहे. तू सावध राहशील. त्या पोरीला काय कळतंय?

नूतन : तुम्ही दोघांनी आत्ता काय ठरवलंत, कळतंय का तुम्हाला?

सरलाबाई : तू आई व्हशी ना, तवय समजी तुले.

नूतन : स्नेहाला सांगणार आहात का, काय झालं होतं ते?

सरलाबाई : नको, माय. घाबरी जाई ती.

नूतन : मी राहते. पण तिला आजच मावशीकडे पाठवा. नुसती खाली ठेवू नका. खालूनही हाक मारतो तो.

सरलाबाई : पाठी देसू. गुणाची पोर शे तू.

भूपेंद्र : चला, मार्ग निघाला. त्याला लिहून टाकतो, आपका स्वागत है. उत्तर उशिरा दिलं तर तेही मोजतात. लिहू ना?

नूतन : लिहा.

भूपेंद्र : रागावलीस का?

नूतन : नाही. पाय वर घ्या, झाडायचं राहिलंय.