तिसरा मणका

बायडा: पालथं व्हा म्हटलं की मुडद्यागत उताणंच पडून ऱ्हायचं. ऐकू येतंय न्हवं, आक्का?

आक्का: येतंय. सवतीसमोर पालथी पडाय मी काय तुझ्या खुराड्यातली कोंबडी हाय?

बायडा: कोंबडी बरी. तिची मान तरी वर असती.

आक्का: जीभ लई चालतीय. पन्हाळ्याखालनं तुला मीच पसंत करून आणली, ध्यानात हाय न्हवं? मालकास्नी म्हटलं, हीच करा. मुकी दिसती. पोरं हुतील आन तोंड वर करणार न्हाय.

बायडा: पोरं झाली. तोंडाचं तुमचं चुकलं.

आक्का: समदंच चुकलं.

बायडा: आता रडू नगासा. डॉक्टरीणबाईंनी फोटू दावला तवा मी हुते की संगट. दोन मणकं चेपल्यात, मातीच्या ढेकळागत. पहिला गेल्या वर्साला, म्हशीच्या पेंडीचं पोतं सरकवताना. तवा काय म्हणालासा? लचक भरली. आन तालमीतल्या पिराजीकडनं पाठ रगडून घेतली.

आक्का: समदी पेठ घेती रगडून.

बायडा: समद्या पेठंची हाडं आतनं पोकळ झाल्याली न्हाईत. मग पावसाळाभर पलंगावर लोळलासा. पाठीचं मांस गेलं झडून. उठलासा, वाकून नुसती बादली उचलली, तर दुसरा मोडला. बाई काय म्हणाल्या? हाडं ठिसूळ हाईत ती हाईतच, पण त्यास्नी धरून ठेवणारं मांसबी न्हाय पाठीला. ते कमवा. न्हायतर तिसरा मोडंल.

आक्का: कमवा म्हणं! साठीच्या बाईनं पाठ कमवायची, पैलवानागत! ती बाई खुळी, आन तू तिच्याहून खुळी.

बायडा: दुखणं कमी आलंय, आता सुरू करा, असं तिनंच सांगितलंय. पोटाखाली उशी, हात अंगालगत, छाती जराशीच उचलायची. जल्मल्यालं रेडकूबी याच्याहून जास्त उचलतंय.

आक्का: मी सयाजीला सांगावा धाडलाय.

बायडा: तुमच्या भावाला? कशाला?

आक्का: घिऊन जा म्हणून. हितं सवत हाल करती म्हणून.

बायडा: व्हय की. तुमचं हागणं-मुतणं काढलं, ते हालच म्हणायचं.

सयाजी: आक्का! हाईस का आत? इचलकरंजीसनं मागावरची पाळी सोडून आलोय बग.

आक्का: ये सयाजी. ही बग, माझी मास्तरीण.

सयाजी: बायडाबाई, लाज न्हाय वाटत? मोडल्याल्या म्हातारीला कसरती करायला लावतीस? आमच्यात आली की पलंगावरनं पाय खाली टेकवू देणार न्हाय मी हिला.

बायडा: तसंच करा पावणं. पलंगावर ठिवा, आन खांदेकरीबी सांगून ठिवा.

सयाजी: आक्का, ऐकलंस? कसली ही जीभ!

आक्का: रोज ऐकते.

सयाजी: आन बायडाबाई, तुला काय मिळतंय गं यातनं? आणीबाणीत मालक गेलं. घर तुझ्या पोरांचं, म्हशी तुझ्या. ही गेली तर तुझी अडगळच कमी हुईल की.

बायडा: पावणं, मी नवी नवरी म्हणून आले तवा ही बाई दारात हुबी हुती. ताठ. गल्लीतनं निघाली की कट्ट्यावरची पोरं विड्या लपवायची. ही अशी पडंपतोर हिला मी कधी उलटं बोलले न्हाय. तोंडात पदर कोंबून शिव्या दिल्या. उभा जल्म भ्याले हिला. आन परवा शेजारची शालूबाई आली, हिच्या डोस्क्यावरनं हात फिरवला आन म्हणाली, बिचारी! बिचारी, हिला! मग मी काय एका बिचारीला भिऊन जल्म काढला?

सयाजी: हे काय बोलणं झालं? आक्का, चल. रिक्षा हुबी केलीया. मी उचलतो तुला.

आक्का: सर मागं.

सयाजी: अगं, तूच सांगावा धाडलास न्हवं?

आक्का: धाडला. तुझ्यात येऊन काय करू? तुझी बायको गोड बोलंल. आक्का हे खावा, आक्का निजा. तूबी निजच म्हणशील. निजून निजूनच पाठ गेली माझी.

सयाजी: म्हंजे ही म्हणती तेच खरं?

आक्का: ही नीच हाय. पण गोड खोटं बोलायची अक्कल न्हाय हिला. जा तू. च्या पिऊन जा.

सयाजी: नगं मला च्या. दोघीबी खुळ्या हाईसा. मरा हितंच!

आक्का: गेला?

बायडा: गेला. रिक्षावाल्यासंगट भांडतोय.

आक्का: नरडं तेवढं मोठं त्याचं, पहिल्यापासनं. ती शालू खरंच म्हणाली, बिचारी?

बायडा: म्हणाली.

आक्का: ती! शेंबूड पुसायला शिकिवलाय मी तिला. दार लाव.

बायडा: लावलं.

आक्का: उशी दे. आन तोंड तिकडं कर.

बायडा: एकटीला वळता यायचं न्हाय तुमास्नी. कंबर पिळायची न्हाय. खांदा आन कंबर एकदमच वळवायची, लाकडाच्या ओंडक्यागत.

आक्का: यील मला. हात लावू नगंस.

बायडा: न्हाय लावत.

आक्का: आई गं.

बायडा: आक्का?

आक्का: लाव.