नव्या गावठाणातला मसणवटा

आमचं गाव धरणात गेलं तेव्हाची गोष्ट सांगतो. परभणीचे साहेब नव्या गावठाणाचा नकाशा दाखवत होते. शाळा, विहीर, देऊळ, सगळं होतं. वडिलांनी विचारलं, “साहेब, मसणवटा कुठं हाय?”

साहेब हसले. “बाबा, आधी राहायला तर या.”

“राहू की कुठंबी. मेल्यावर कुठं न्यायचं, ते सांगा.”

वर्षभरात वडीलच गेले. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या रानाच्या कडेला आम्ही त्यांना अग्नी दिला. मग गावानं पुढची मयतही तिथंच आणली. नाही कसं म्हणणार?

साहेब पाहणीला आले. आईला म्हणाले, “मावशी, जागा दिलीत, बरं झालं.”

आई म्हणाली, “मी कुठं दिली? आमच्या ह्यांनी मरून कबजा केलाय. तुमी तो उठवा, न्हाईतर तेवढं रान मला दुसरीकडं द्या.”