सासूबाईंचे कान आणि माझी टाच

नाही, मला सांगा, माणूस पळणार म्हटल्यावर पायाचा आवाज होणारच ना? का तरंगत जाऊ? पण आमच्या सासूबाई! कुंपणापलीकडे मका सोलत बसलेल्या, माझ्याकडे पाठ, आणि तिथनं म्हणतात, "जेलागाट, तुझ्या नवऱ्याला सांग, उजवी टाच आपटतोय." उजवी! तुम्हाला सांगतो, काय कान आहेत हो त्या बाईला!

आता तुम्ही म्हणाल, किबोर, बाई समोर येऊन का सांगत नाही? अहो, कशी येणार? आमच्या जमातीत जावयानं सासूचं तोंड बघायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही! म्हणून मध्ये कुंपण, आणि मध्ये माझी बायको. मी दहा पावलांवर उभा, सगळं ऐकू येतंय, तरी जेलागाट आपली मान वळवून, "आई म्हणते, टाच आपटतोस." ऐकलं गं!

बरं, हौस म्हणून नव्हतो गेलो त्यांच्याकडे पळणं शिकायला. नडगी दोनदा गेली होती माझी. आमच्या पळण्याच्या कॅम्पचे ट्रेनर तानुई, त्यांचा आवाज म्हणजे रिकामा पिंप, मला म्हणाले, "तिसऱ्यांदा नडगी धरून बसलास तर गाशा गुंडाळ! सहा आठवड्यांनी दहा किलोमीटरची चाचणी. पहिले आठ राहतील, बाकीचे घरी गाई राखायला." सव्वीस वर्षांचा झालो, मला पळण्याशिवाय काही येत नाही हो... आणि तेही येत नाही, असं आता कळत होतं!

मग सुरू झालं. गवतावर अनवाणी. "त्याला सांग, पाऊल पुढं फेकू नको, ढांग छोटी कर." छोटी केली. "त्याला सांग, खांदे कानाला कशाला लावतो, थंडी वाजतेय का?" खांदे सोडले. मग बाई पत्र्याच्या डब्यात मक्याचे दाणे टाकायच्या, टण टण टण टण, आणि दर दाण्याला माझं एक पाऊल! मी जरा मागे पडलो की दाणे थांबायचे. त्यापेक्षा तानुईंच्या शिव्या बऱ्या. पण काय कान आहेत हो!

आणि चौथ्या आठवड्यात घात झाला. रोज माझी धपधप वळणावरनंच ऐकू यायची आणि सासूबाई उठून आत जायच्या. त्या दिवशी मी आपला पाय न वाजवता पळत आलो, गोठ्याला वळसा घातला, तर... समोरासमोर! हातात दुधाची बादली! "अगं आई गं!" ओरडल्या आणि सुटल्या घराकडे. मी डोळे झाकायला हवे होते. झाकले नाहीत हो. कसे झाकणार? त्रेसष्ट वर्षांची बाई, बादलीसकट, पाऊल बरोबर कमरेखाली पडतंय, पडलं की उचललं, खांदे सैल, दूध सांडलं नाही, वाटेतली कोंबडी जागची हलली नाही! मी महिनाभर चोरासारखा हळू पाय टाकायला बघत होतो, आणि बाई हळूबिळू काही टाकतच नव्हत्या, फक्त पाऊल कमरेच्या पुढं पडू देत नव्हत्या. बघू नये ते बघितलं आणि तेव्हा कुठं मला पळणं कळलं. डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

चाचणीत सहावा आलो! नडगीनं हूं की चूं केलं नाही. तानुई म्हणाले, "पळालास का उडत आलास रे? मागनं आलेला कळलाच नाहीस!" मी सांगितलं, सासूबाईंची कृपा.

पण त्या गोठ्याच्या प्रकरणाचा निवाडा बाकी होता ना! बायकोचे काका बसले, चार म्हातारे बसले, चहाचे तीन थर्मास संपले आणि निकाल लागला: जावयाचे पाय वाजत नाहीत, तर त्याच्या अंगावर दुसरं काहीतरी वाजलं पाहिजे. म्हणून आता, तुम्हाला सांगतो, अख्ख्या कॅम्पात सगळ्यात हलका पळणारा हा गडी सासुरवाडीला जातो तो कमरेला गाईची घंटा बांधून! पोरं रस्त्यात हंबरतात. हंबरू देत.

काल गेलो घंटा वाजवत. कुंपणापलीकडनं आवाज, "जेलागाट, त्याला सांग, घंटा डावीकडे जास्त वाजतेय. कंबर हलते त्याची."

घ्या! टाचेतनं सुटलो, आता कंबर.