एक माणूस, सहा घरं

(शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. सकाळचे अकरा. कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक; शेजारी मामीचं कापड, कात्री, अर्धवट शिवलेला कोट.)

भाची : चोरी कसली मामी? सगळ्यांसाठी उघडं मांडलेलंच आपण उतरवून घेतोय.

मामी : मग सहा घरांतून लपतछपत कशाला? सरळ जाऊन मागावं की.

भाची : मागितलं नाही का? साइट चालवणाऱ्याला तीन पत्रं टाकली. ढिम्म. आणि एकाच घरातून दोनशे पानं मागितली की साइट दिवसभर दार लावून घेते. लोकांनी शिलाई मशीनबद्दल तिथं विचारलेल्या प्रश्नांना मामानं दिलेली उत्तरं चार हजार पानांत विखुरलेली आहेत, आणि साइट कायमची बंद व्हायला उरलेत चार दिवस.

मामी : पुन्हा सांग. सावकाश. मी काय तुझ्या ऑफिसातली नव्हे.

भाची : हे बघ. टेबलाखाली आहे तो आपला सर्व्हर. मागणी निघते ती इथून. साबणाच्या वडीएवढे सहा डबे मी सहा घरांत राउटरशेजारी लावलेत. पहिलं पान आईच्या घरून मागायचं, दुसरं दादाच्या, तिसरं माझ्या. सहा झाले की पुन्हा आईपासून. साइटला वाटतं, सहा वेगवेगळी माणसं निवांत वाचत बसलीत. याला फिरता प्रॉक्सी म्हणतात.

मामी : आणि वन्संनी लावू दिला डबा? त्यांच्या घरात एक खिळा ठोकायचा तर तीन दिवस चर्चा चालते.

भाची : मामासाठी आहे म्हटल्यावर एक शब्द बोलली नाही आई. उलट रोज फडक्यानं पुसते त्याला.

मामी : पुसणारच. पाठचा भाऊ तो.

भाची : तुला एवढं काय वाचायचंय गं त्यात? सगळी मशीनचीच उत्तरं आहेत. पट्टा सैल झाला, दोरा तुटतोय, असलंच.

मामी : असू दे. घरात दिवसाला दहा वाक्यं बोलायचे ते. 'तेल कुठाय', 'दार लावलंस का'. आणि इथं बसले की पानंच्या पानं. अकरा वर्षं मी त्यांची पाठ बघितली. एकदा चिडून म्हटलंही, परक्यांशी एवढं बोलता, माझ्याशी बोलायला काय होतं? हसले नुसते. आता मला वाचायचंय, काय बोलत होते ते. एवढंच हवंय मला.

भाची : मिळेल. किती पानं आली बघू... नऊशे. आणि नऊशेवरच अडकलंय. थांब हं. हे काय? मामी, यात मामाचं नाव कुणी घातलं?

मामी : मी.

भाची : कधी?

मामी : काल संध्याकाळी, तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हा. दोन चौकटी रिकाम्या दिसल्या. एक नावाची, एक पासवर्डची. म्हटलं, लोकांच्या दारात उभं राहायचं, वस्तू न्यायची, आणि आपण कोण तेही सांगायचं नाही? बरं दिसतं का? पासवर्ड त्यांच्या सुयांच्या डबीवर लिहिलेलाच होता.

भाची : अगं, त्या रिकाम्याच ठेवायच्या होत्या! अनोळखी सहा जण आले तर कुणी ढुंकून बघत नाही. आता प्रत्येक पान मामाच्या नावानं मागितलं गेलंय. एकच माणूस, एका मिनिटात सहा घरांतून!

मामी : उभ्या जन्मात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा कंटाळा, आणि मिनिटात सहा घरं?

भाची : हसू नकोस. साइटवाल्याचा निरोप आलाय.

मामी : तीन पत्रांना झोपला होता, आता बरा जागा झाला. वाच.

भाची : तिथं मामाला सगळे मास्तर म्हणतात. ऐक. 'मास्तरांचं खातं कुणीतरी सहा ठिकाणांहून वापरत आहे. हे मास्तर नव्हेत. कोण आहात ते आज दुपारपर्यंत खरं सांगा. नाहीतर हे खातं आणि त्यातलं सगळं लिखाण पुसून टाकावं लागेल.'

मामी : पुसून? सगळं?

भाची : सगळं. चूक माझी आहे, मी बघायला हवं होतं. पण उपाय सोपा आहे मामी. खरं ते लिहायचं. मामा दोन वर्षांपूर्वी गेला, आणि आम्ही घरचे आहोत.

मामी : नाही लिहायचं.

भाची : का?

मामी : नाही म्हटलं ना.

भाची : बरं. आणखीही निरोप आहेत. तेवीस.

मामी : कुणाचे?

भाची : तिथल्या लोकांचे. कालपासून मामाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागलाय, म्हणजे माणूस हजर आहे. त्यांनी तो पाहिला. ऐक. 'मास्तर, आलात! कुठं होतात दोन वर्षं?' हे दुसरं, 'मास्तर, तब्येत ठीक ना? साइट बंद व्हायच्या आत दोन शब्द तरी बोला.'

मामी : म्हणजे यांना कुणी कळवलंच नाही.

भाची : कोण कळवणार?

मामी : मी. मीच नाही कळवलं. ते गेले त्या महिन्यात सगळीकडे सांगत फिरले मी. बँकेत, दवाखान्यात, गिऱ्हाइकांना. तेच एक वाक्य. तोंड आंबलं गं. ही एक जागा राहिली होती. म्हटलं, राहू दे. कुठंतरी त्यांना कुणी 'होते' म्हणू नये.

भाची : मी अजून त्याचा नंबर काढलेला नाही फोनमधून. काही अडलं की आधी बोट तिथंच जातं. मलाही तो हवाय मामी. पण नाही लिहिलं, तर आहे तेही जाईल.

मामी : कळतंय मला. कळत नाही असं नाही.

भाची : हा एक वेगळाच आहे. 'मास्तर, मखमल शिवताना वरचा थर सरकतो, असं मी विचारलं होतं. घरी विचारून सांगतो म्हणालात आणि गायब झालात. विचारलंत का?'

मामी : घरी म्हणजे?

भाची : घरी म्हणजे तुला. थांब, आलेल्या पानांत शोधते. अगं बाई. एकशे बारा ठिकाणी आहे. 'घरी विचारलं. जाड लोकरीला टाका मोठा ठेवा.' 'घरी विचारलं. काजाला मागून आधी अस्तर लावतात.' 'घरी विचारलं. मी चुकलो होतो, तिचं बरोबर आहे.'

मामी : असं लिहिलंय? चुकलो म्हणून?

भाची : हे बघ ना.

मामी : जेवताना मध्येच विचारायचे. काजाला अस्तर का लावतेस? मी म्हणायचे, तुम्हाला काय करायचंय, जेवा मुकाट्यानं. मग सांगायचेच म्हणा. मला वाटायचं, बोलायला दुसरं काही नाही म्हणून विचारतात.

भाची : आणि मखमलीचं?

मामी : नाही विचारलं.

भाची : नक्की?

मामी : शेवटच्या आठवड्यात ते काय काय बोलले, हे दोन वर्षं रोज आठवते मी. मखमल नव्हती त्यात. राहून गेलं त्यांचं.

भाची : चष्मा काढ. पूस आधी डोळे.

मामी : राहू दे. तू लिही. साइटवाल्याला. मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. मी त्यांची बायको. सहा घरांचा घोळ माझा, पोरीचा नाही. त्यांनी लिहिलेलं मला वाचायचंय, त्यासाठी तीन पत्रंही टाकली होती. पुसू नका.

भाची : लिहिलं. पाठवू?

मामी : पाठव. माझ्याकडे बघत बसू नकोस, पाठव.

भाची : गेलं.

मामी : आता?

भाची : आता वाट बघायची. अगं, आलंच उत्तर! 'वहिनी, तुमची पत्रं जुन्या पत्त्यावर पडून राहिली, माफ करा. मास्तरांचं एक अक्षरही पुसणार नाही. सगळं एकत्र करून आज पाठवतो. तेवढी सहा घरं बंद करा.'

मामी : कर बंद. वन्संना सांग, डबा काढला तरी चालेल.

भाची : सांगते. आणि या मखमलवाल्याला काय कळवू? मामा गेला म्हणून?

मामी : ते त्याला कळेलच. आधी त्याचं काम सांग, दोन वर्षं खोळंबलाय बिचारा. लिही. घरी विचारलं. दोन थरांमध्ये पातळ कागद ठेवा, धावदोरा घाला, आणि मशीन हळू चालवा. शिवून झालं की कागद ओढून काढा.