काळा मुळा आणि गान्चोचा खोकला

पांढरा नव्हे गं पोरी, काळा! पांढऱ्या मुळ्याने खोकला जात नाही, नुसते ढेकर येतात — इकडे ये अलीकडे, ओरडून माझा घसा बसायचा. फाटकाकडून कशाला जातेस, ती फळी सरकव, सैल आहे ती — हां, अशी. बस त्या ओंडक्यावर. तर काळा मुळा घ्यायचा, त्याचं डोकं उडवायचं, आतून चमच्याने कोरून वाटी करायची, वाटीत मध भरायचा आणि उडवलेलं डोकं टोपीसारखं परत वर ठेवायचं. सकाळपर्यंत आत पाणी सुटतं. ते चमच्याने पाजायचं. तसंच केलंस? सगळं तसंच? मग? — थुंकला? आणि दिलंस कसं? ‘बाबा, घ्या ना, बरं वाटेल’ असं? मग थुंकणारच. नेवेना, तुझ्या बापाला आयुष्यात कुणी ‘घ्या ना’ म्हटलेलं नाही. तुझी आई, देव तिला विसावा देवो, ती ताट आपटायची आणि निघून जायची, आणि हा सगळं ताट चाटून ठेवायचा. ती गेल्यावर खोकला झाला की मी कुंपणावरून वाटी धरायची आणि म्हणायची, ‘गान्चो, घेणार असशील तर घे, नाहीतर मर लवकर, तुझे अक्रोड मला वेचायला मिळतील.’ लगेच घ्यायचा. वर म्हणायचा, मध पातळ आहे, साखर घातलीस. मी साखर घालते? मी?

नाही, नेलंस ते बरोबरच केलंस. मी काही म्हणत नाही. म्हातारा माणूस अक्रोड झोडपायला शिडीवर चढतो, पडतो, बरगडी मोडून घेतो — लेकीने न्यायचं नाही तर काय करायचं? तिकडे सोफिया शहरात दवाखाना आहे, गरम पाण्याचा नळ आहे, लिफ्ट आहे. आठवा मजला ना तुमचा? म्हणजे चिमण्यासुद्धा खालूनच जात असतील. असो. बरगडी जुळली म्हणालीस, छाती साफ आहे म्हणाले डॉक्टर. मग खोकतो कशाला? — उठत नाही? भिंतीकडे तोंड करून? — बरं. — जेवत तरी — बरं.

टोमॅटोची रोपं हवीत म्हणालीस ना, गॅलरीत लावायला? म्हणजे त्याचं मन रमेल? घे. ही गुलाबी, आपली नेहमीची. बादलीला खाली भोकं पाड, तळाला अंड्याची टरफलं चुरून टाक, आणि रोप लावताना खालची पानं खुडून गळ्यापर्यंत पूर — भिऊ नकोस, पुरलेल्या दांड्यालाही मुळं फुटतात. सेंट जॉर्जचा सण होऊन गेला, आता थंडी मारायची नाही. पाणी बुडाशी घाल, पानांवर नाही, पानांवर पडलं की काळे डाग. बाजूला झेंडू लाव. आणि खत म्हणजे तो चावरा पाला — हाताला लागला की आग होते बघ, तो — बादलीत पाण्यात कुजवायचा, फेस येऊन बसला की गाळून, भरपूर पाणी मिसळून घालायचा. फक्त त्याचा वास — आठव्या मजल्यावर तो वास सुटला की तुझे शेजारी पोलिसांना बोलावतील, घरात कुणी मेलंय म्हणून. राहू दे. राख टाक थोडी. राख कुठली असणार म्हणा तुमच्याकडे, खोली तापवायचा रेडिएटर जाळून राख होत नाही. मी देते डब्यात.

काय बघतेस तिकडे? — लसूण? हो, लसूणच आहे. चांगला आलाय. कुणी लावला म्हणजे? मला काय विचारतेस, बाग तुमची आहे, आला असेल मागचा पडलेला. रांगेत? — रांगेत आला असेल. हे बघ, मोकळी जमीन बघवत नाही माणसाला, शेजारी तण माजलं की बी आपल्याच अंगणात उडतं, म्हणून जरा हात फिरवला. जरा. द्राक्षवेलीची छाटणी केली, कारण नाहीतर ती माझ्या छपरावर येते. चुना-मोरचूद फवारलं, कारण माझ्या वेलीला फवारताना उरलं होतं. उरतं ते. आणि घड्याळ — कुठलं घड्याळ? तुमच्या स्वयंपाकघरातलं? चालू आहे? चांगलं घड्याळ आहे मग. — हो, चावीचं आहे, ठाऊक आहे मला चावीचं आहे ते! कुणीतरी दिली असेल चावी. बंद पडलेल्या घड्याळाखाली उंदीर होतात. होतात! तुला शहरात राहून काय कळणार?

जरा सरक, मला बसू दे. गुडघा. कोबीचं पान बांधते मी, लाटण्याने ठेचून, रात्री फडक्यात घट्ट. उतरते सूज. यंदा नाही बांधलं. कोबी कुठे — कोबी तो लावायचा ना, मी नाही लावत. मी मिरची लावते, तो कोबी. मी भोपळा, तो लसूण. तसं ठरवलेलं काही नाही, पण दोघांनी तेच कशाला लावायचं? सकाळी यायचा इथे, या फळीपाशी, कोबीचा गड्डा कुंपणावर ठेवायचा आणि म्हणायचा, ‘रायना, तुझी मिरची पिवळी पडली, पाणी जास्त घालतेस.’ मी म्हणायची, ‘तुझी अक्कल पिवळी पडली.’ मग तो जायचा, मी चहा ठेवायची. लिंडनच्या फुलांचा. दोन कप ठेवायची — एक गार होऊ द्यायची, कारण तो परत यायचाच, काहीतरी म्हणायचं राहिलेलं असायचं त्याचं. गेल्या वसंतात म्हणाला, हे कुंपण काढून टाकू या, कुजलंय, दोन्ही अंगणं एक होतील, दोघांना एकच विहीर पुरेल. कसा उभा होता — टोपी हातात घेऊन. कुंपणाचं बोलायला कुणी टोपी काढतं? मी म्हटलं, नको, तुझ्या कोंबड्या माझ्या वाफ्यात येतील. तर म्हणाला, माझ्याकडे कोंबड्या नाहीत. मी म्हटलं, घेशील. — हसतेस काय? काय बोलायचं होतं मग मी? माझ्या नवऱ्याला, स्तोइलला, जाऊन किती वर्षं झाली, या वयात माणसाला पटकन सुचतं का? मी उन्हाळाभर विचार करत होते काय म्हणावं. मग शिडी पडली.

नको, रुमाल नको, कांद्याच्या रोपांपाशी बसलेय म्हणून. फोन आहे ना तुझ्याकडे? लाव त्याला. नाही बोलत? नको बोलू दे त्याला, मी बोलते. तुझ्या नवऱ्याला सांग, कानाशी धर म्हणावं. — हॅलो! हॅलो काय हॅलो, मी आहे, रायना! झोपलायस ना? झोप. एवढंच सांगायला लावला की तुझ्या बागेतला लसूण उपटून टाकला मी. सगळा. बटाटे लावतेय तिथे. — तू गप्प बस गं, नेवेना. — दोरी? रांगेला दोरी कोण लावतंय, अंदाजाने लावतेय, जातील रांगा वाकड्या तर जातील, बटाट्याला काय कळतं! — खोक. खोकून घे. — काय? मोठ्याने बोल, ऐकू येत नाही. परत बोल. — ऐकलंस पोरी, काय म्हणाला? गाढवीण म्हणाला. आख्खा हिवाळा गेला, मला कुणी गाढवीण म्हटलं नाही. — येतोस? कशाला येतोस, चालवत नाही ना तुला? शनिवारी? जावई आणणार? त्याला विचारलंस का, बिचाऱ्याला काम — बरं, विचार. ओरडू नकोस त्याच्यावर. गान्चो — ऐक — ये, आणि येताना — नाही, काही नको. काही आणू नकोस. तू ये.

घे तुझा फोन. कुठलं बटण दाबायचं ते तूच दाब. आता डोळे पुसत बसू नकोस, ऊठ. ती रोपं ठेव तिथेच, सावलीत, गॅलरीत काही लावायचं नाही. आणि जा, त्याच्या घराच्या खिडक्या उघड सगळ्या, गादी उन्हात टाक, हिवाळाभर बंद होतं ते. जा म्हणते ना. मला जरा एकटीला बसू दे.